एकही रविवार चुकला नाही?

बाबांना जाऊन आता तीन वर्षे झाली, तरी नगरला गेले की आमच्या चर्चच्या मंडळीतले कोणी ना कोणी एक प्रश्न हमखास विचारते: एसटीच्या कार्यशाळेत फिरत्या पाळीची नोकरी असूनही तुमच्या बाबांचा उपासनेचा एकही रविवार कसा चुकला नाही? आतापर्यंत मी हसून वेळ मारून नेत असे. तुम्ही पुन्हा विचारलेत म्हणून सांगते, की रविवार चुकले होते. नोकरीच्या चौतीस वर्षांत सात.

आधी न चुकलेल्या रविवारांविषयी. एसटीला रविवार नसतो, आणि साप्ताहिक सुटी रविवारचीच हवी असेल तर तिची किंमत सहकाऱ्यांना द्यावी लागते. बाबा ती दिवाळीत देत. लक्ष्मीपूजनाच्या रात्री, ज्याला त्याला घरी जायची घाई असताना, बाबा गाडीखाली आडवे पडून ब्रेक तपासत असायचे. आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या सुटत, तेव्हा वाटेवरच्या दुरुस्ती पथकात ते आपणहून नाव देत आणि चुरमुरे, बत्तासे आणि दोन-चार नव्याने ऐकलेले अभंग घेऊन परत येत. ख्रिस्ती माणसाने पंढरीच्या वाटेवर रमावे याचे काहींना नवल वाटे. आमच्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात ज्यांची पदे सर्वांत अधिक गायिली जातात, ते नारायण वामन टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, आणि ते याच नगरात राहून लिहीत होते, एवढे सांगून बाबा विषय संपवत.

हा नियम आम्हा मुलांना मात्र जाचत असे, हेही लिहिले पाहिजे. जानेवारी 1987 मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी साडेनऊला रामायण सुरू झाले. आमची उपासना नऊची. इस्त्रीचे कपडे घालून आम्ही निघायचो तेव्हा गल्लीतली पोरे, ज्यांच्याकडे दूरदर्शन संच होता त्यांच्या ओसरीवर जागा धरून बसलेली असत. पुढे महाभारत आले, तेही रविवारीच. थोरल्या भावाने एकदा पोटदुखीचे सोंग केले, तर बाबांनी ओव्याचे पाणी पाजून त्याला बरोबर नेले. त्या बाबतीत ते हट्टी होते आणि मला वाटते थोडे चुकतही होते. सक्तीने नेलेला माझा भाऊ पुढे कित्येक वर्षे फक्त नाताळालाच चर्चमध्ये दिसत असे.

आता ते सात रविवार. बाबांच्या ‘उपासना संगीता’च्या शेवटच्या कोऱ्या पानावर त्यांची नोंद आहे. निळ्या पेन्सिलीने तारीख आणि पुढे दोन-तीन शब्दांत कारण. पानाच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा काळा ठसा, कारण रॉकेलने कितीही हात धुतले तरी ग्रीस नखांच्या कडेला राहतेच. पहिली नोंद थोरल्या भावाच्या जन्माची. एक आजीची: ती गावी विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि तिला नगरला आणायला बाबा पहिल्या गाडीने गेले. त्यानंतर ओळीने चार रविवार एकच कारण: ‘हिला टायफॉइड’.

ते चार रविवार मला चांगले आठवतात. चर्च घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर, घंटा स्वयंपाकघरात ऐकू येई. शेजारच्या काकू म्हणाल्या, दोन तास मी बसते, तुम्ही जाऊन या. बाबा गेले नाहीत. पाणी उकळून गाळणे, मऊ भात, आईच्या केसांतला गुंता हळूहळू सोडवून वेणी घालणे, हे सारे ते यंत्र उघडून बसल्याच्या एकाग्रतेने करत, आणि भाकरी मात्र रोज करपवत. तिसऱ्या रविवारी पाळकसाहेब उपासना आटोपून चार माणसांसह घरी प्रार्थनेला आले. प्रार्थना मध्यावर असताना दूध उतू जाण्याचा वास आला आणि बाबा डोळे उघडून, कोणाची क्षमा वगैरे न मागता, उठून आत गेले. पाळकसाहेबांनी ‘आमेन’ जरा लवकर म्हटले.

सातवा रविवार माझा. पुण्याला माझी नोकरीची परीक्षा होती. केंद्राबाहेर लिंबाच्या झाडाखाली रुमाल अंथरून बाबा तीन तास बसून राहिले. जवळच एक चर्च होते, हे मी त्यांना आत जाण्यापूर्वी सांगितले होते. ‘तू मध्येच बाहेर आलीस तर?’ एवढेच ते म्हणाले.

त्या पानावर ‘कामामुळे’ असे कारण एकदाही नाही. लोक मला विचारतात त्या चौतीस वर्षांची यादी एवढीच.

निवृत्तीनंतर बराच काळ त्या पानावर काही लिहिले गेले नाही. शेवटच्या आजारात, पहिला रविवार अंथरुणात गेला, तेव्हा बाबांनी पुस्तक मागवून घेतले, पण पेन्सिल हातात ठरेना. म्हणून आठवी नोंद आईच्या अक्षरात आहे, तारखेचे आकडे मोठे आणि ओळ थोडी तिरकी: ‘ह्यांना बरे नाही’. त्यानंतरचे रविवार आईने लिहिले नाहीत.