सूनबाई, ती नेहमीची स्ट्रिप

सकाळी साडेआठला शटर अर्धं वर गेलं की काका हजर. एका हातात काकूंसाठी पोह्यांची पुडी. स्वतःचे त्यांनी गाडीपाशीच उभ्याउभ्या, वरून जीरावन मसाला भुरभुरून, खाल्लेले असतात. "सूनबाई, ती नेहमीची स्ट्रिप." दुकान सासऱ्यांनी काढलेलं, म्हणून मी सगळ्या रामबागेची सूनबाई. फार्मसीची डिग्री माझी, लायसन्सवर नाव माझं, पण हाक हीच.

नेहमीची स्ट्रिप म्हणजे ॲसिडिटीची, पँटोप्राझोल-डोम्पेरिडोनची कॅप्सूल. चिठ्ठी कुणीतरी कधीकाळी दिलेली, मी ती एकदाच पाहिली. पुढे चार-पाच महिने दर दहा दिवसांनी स्ट्रिप काढून देत राहिले. चिठ्ठीशिवाय द्यायची नाही हा नियम मला तोंडपाठ आहे. पण रोजचं माणूस, आणि त्याच्यामागे तीन गिऱ्हाइकं उभी. तसंही इंदूरचं अर्धं गाव दिवसभर शेव खातं, रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत जाऊन येतं आणि मग ॲसिडिटीची गोळी मागतं. काकांना मी त्याच खात्यात टाकून दिलं होतं.

नोव्हेंबरातल्या त्या गुरुवारी काकांच्या हातात पुडी नव्हती. दोन्ही कोपरं काउंटरवर टेकवून उभे होते.

"पोहे नाहीत आज?"

"इच्छाच होत नाही. इसबगोलही दे थोडं. पोट साफ होतंय गं, पण काळं होतंय."

"काळं म्हणजे कसं?"

मागे एक मुलगा पट्टी मागत होता. काका ओशाळले, वाकून हळूच म्हणाले, "डांबर. सडकेवर ओततात ना, तसं. दोनदा पाणी ओतलं तरी चिकटून राहतं. वास तर विचारूच नकोस."

मुलाला मी थांबायला सांगितलं. लोहाची गोळी चालू असली तरी काळं होतं, पण असं चिकट आणि घाण वासाचं नाही. काकांना लोहाची गोळी नव्हतीच. मग गुडघेदुखीच्या गोळ्यांचं विचारलं. ते जरा गप्प झाले. घेत होते. डायक्लोफेनॅक हे दर्दनाशक, दिवसाला दोन, दिवाळीच्याही आधीपासून. पलीकडच्या गल्लीतल्या दुकानातून, कारण "तू दिली नसतीस". स्टेंट बसवल्यापासूनची 75 मिलिग्रॅमची ॲस्पिरिन होतीच. ही दोन्ही औषधं मिळून जठराचं अस्तर सोलतात. त्यावर माझी कॅप्सूल, जी नाश्त्याआधी अर्धा तास घ्यायची आणि काका पोह्यांनंतर घ्यायचे. भिंत आतून ढासळत होती आणि मी वरून चुना मारत होते.

स्टुलावर बसवलं. दुकानातल्या मशीनवर बीपी 96/60, एरवी 140 च्या खाली न येणारा माणूस. नाडी 114. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, तर आत लाली नावालाही नाही. पोटात कुठेतरी रक्त वाहत होतं, आणि शौचाला काळं होतंय म्हणजे बहुधा वरच्या भागात, जठरात नाहीतर त्याच्या पुढच्या वळणावर.

"अगं, मुलाने पुण्याहून नंबर लावलाय," काका म्हणाले. "मंगळवारचा. चार पॉइंट नऊ तारे आहेत त्या डॉक्टरला."

काका वाट पाहण्यात पटाईत. ते कामाला होते ती मिल बंद पडली 1991 च्या डिसेंबरात, देणी मिळायची वेळ आली 2023 चा डिसेंबर उजाडल्यावर. "बत्तीस वर्षं थांबलो, पाच दिवसांचं काय!"

त्यांच्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "वहिनी, पोटाचे नंबर वन आहेत ते, मी सगळे रिव्ह्यू वाचलेत." तो बोलत असतानाच मी दुसऱ्या फोनवर तेच रिव्ह्यू उघडले. पार्किंग छान. स्टाफ प्रेमळ. मूळव्याध लेझरने गेली, एका दिवसात घरी. बोर्डाचा फोटो होता: मोठ्या अक्षरांत गॅस्ट्रो, खाली बारीक अक्षरांत एम. एस. म्हणजे सर्जन. पित्ताशय किंवा हर्निया असता तर मीही तिथे पाठवलं असतं. पण पोटाच्या औषधोपचाराचा आणि दुर्बिणीचा माणूस वेगळा: एम. डी. मेडिसिन झाल्यावर आणखी तीन वर्षं डी. एम. गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी, किंवा तेवढ्याच वर्षांची डीआरएनबी ही डिग्री. 'गॅस्ट्रो' एवढा शब्द बोर्डावर कुणीही रंगवतो. तरी क्लिनिकला फोन केलाच. बाई म्हणाल्या, "मंगलवार को ही आइए. एंडोस्कोपी वाले सर शनिवार को बाहर से आते हैं."

गल्ल्याच्या खालच्या ड्रॉवरमध्ये माझ्याकडे शंभरेक व्हिजिटिंग कार्डं आहेत. कुणी पेशंट पाठवल्यावर "आपका ध्यान रखेंगे" म्हणून देऊन गेलेलं, कुणी पॅडसकट. त्या ड्रॉवरला मी हात लावत नाही. डॉक्टर मला कळतो तो त्याच्या चिठ्ठीवरून. दिवसभर चिठ्ठ्याच तर वाचते. नऊ ओळी, त्यात दोन एन्झाइम, एक प्रोबायोटिक, एक "लिव्हर टॉनिक", आणि प्रत्येकाकडे तेच नऊ: अशी चिठ्ठी आली की औषधं देते आणि मनात एक फुली मारते. उलट पलासियाकडचे एक वयस्क डॉक्टर आहेत. त्यांच्या चिठ्ठीत तीन ओळी, 'जेवणाआधी अर्धा तास' हाताने लिहिलेलं, आणि खाली रेघ मारून 'बंद' म्हणून एक यादी. त्यांची चिठ्ठी आली की माझा धंदा कमी होतो. पेशंट मात्र सहा महिन्यांनी स्ट्रिप मागायला परत येत नाही. मला पोटाचा डॉक्टर विचारला की मी त्यांचं नाव सांगते, घरच्यांनाही.

तर त्यांनाच फोन केला. ते बाहेरगावी, सोमवारी येणार. असिस्टंटने सगळं ऐकून घेतलं आणि पुढे होऊन सांगितलं, "सरांसाठी थांबू नका. आत्ता डॉक्टर निवडायचा नाही, जागा निवडायची. रात्रंदिवस एंडोस्कोपी आणि स्वतःची रक्तपेढी, दोन्ही असतील तिथे न्या." इतकी वर्षं मी नावं सांगत आले, आणि त्या सकाळी नावाचा उपयोगच नव्हता.

दोन मोठ्या दवाखान्यांना फोन केले आणि सरळ विचारलं: आत्ता, या घटकेला, एंडोस्कोपी करणारा माणूस इमारतीत आहे का? पहिल्याने तीनदा फोन इकडून तिकडे फिरवला. दुसऱ्याने विचारलं, "बीपी कितना है?" आणि मी सांगताच, "सीधे इमर्जन्सी में लाइए." ह्या उलट प्रश्नावरूनच मी ठरवलं. काकांना चहा हवा होता, तो दिला नाही. पोट रिकामं हवं. काकूंना घरातल्या सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत भरायला सांगितल्या, गुडघ्याचीसुद्धा. ह्यांनी गाडी काढली.

संध्याकाळी मी गेले. हिमोग्लोबिन 7.2, रक्ताच्या दोन बाटल्या चढवलेल्या. दुर्बीण घालणारी डॉक्टर माझ्याहून लहान, तिचं नावही मी कधी ऐकलेलं नव्हतं. तिने पडद्यावरचा फोटो दाखवला: जठर संपून आतडं सुरू होतं तिथे पांढरट खड्डा, मध्ये लालकाळा ठिपका, त्यावर बसवलेली चिमुकली क्लिप. कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखी, काका नंतर सगळ्यांना असंच सांगत. तिने अस्तराचा कण एका पिवळ्या टिकलीत टाकला होता. ती टिकली गुलाबी झाली, म्हणजे हेलिकोबॅक्टर जंतूही होता. काकूंचा मात्र मिरचीवरच संशय होता. एकेकाळी डॉक्टरांनाही हा जंतू पटत नव्हता. बॅरी मार्शल नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने 1984 मध्ये तो स्वतः पिऊन दाखवला आणि 2005 मध्ये रॉबिन वॉरनसह त्याला नोबेल मिळालं. हे मी काकूंना सांगितलं. त्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही.

मग डॉक्टरने पिशवीतल्या स्ट्रिपा एकेक करून टेबलावर मांडल्या. माझी कॅप्सूल उचलून म्हणाली, "ये इतने महीने किसने चलाई?"

"मी," म्हटलं.

ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. ॲस्पिरिनचं तिने स्वतः ठरवलं नाही. माझ्यासमोरच हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला आणि कधी पुन्हा सुरू करायची ते दोघांनी मिळून ठरवलं.

काका घरी आल्यावर त्यांच्या मुलाचा प्रश्न: पुढे दाखवायला कुणाकडे जायचं, तुमच्या त्या पलासियाच्या डॉक्टरांकडे का? मी म्हटलं, हिच्याकडेच. आतलं तिने पाहिलंय. त्याच्या समाधानासाठी चिठ्ठीवरचा रजिस्ट्रेशन नंबर नॅशनल मेडिकल कमिशनच्या यादीत टाकून पाहिला. नाव, डिग्री, सगळं जुळलं. तारे किती, ते मी पाहिलं नाही. त्याने पाहिले असणार.

त्यानंतर दुकानात बरेच दिवस खटके उडाले. नेहमीची स्ट्रिप मागणाऱ्या प्रत्येकाला मी किती दिवस, कुणी दिली, अजून काय घेता, शौचाचा रंग कसा, हे विचारू लागले. दोन गिऱ्हाइकं तोडून पलीकडच्या गल्लीत गेली. हे म्हणतात, तू दवाखानाच उघड.

तीन आठवड्यांनी काका आले, साडेआठलाच. चौदा दिवसांचा अँटिबायोटिकांचा किट संपला होता. नवी चिठ्ठी पुढे केली: एकच औषध, आणि खाली रेघ मारून 'दर्दनाशक बंद'. मग खिशातून गुडघ्याच्या गोळ्यांची अर्धी स्ट्रिप काढली.

"सात उरल्यात. परत घेतेस का?"

"काका, ह्या माझ्या दुकानातल्या नाहीत."

"माहितीये गं. तो घेत नाही म्हणतोय."