डोकं हातात घेण्याआधी

‘मॅडम, हे डोक्याचं शिकायला किती दिवस लागतात?’ नुकतंच फिजिओथेरपीचं शिक्षण संपवलेली मुलं फोनवर विचारतात. डोकं-मान हलक्या हाताने धरून डोकेदुखी कमी करायचं मी शिकवते, त्याबद्दल. शनिवार-रविवारात उरकेल, असं त्यांना वाटत असतं. मी वर्ष सांगते. मग पुढचा प्रश्न ठरलेला: ‘डोकं नुसतं धरायचं तर असतं, त्याला वर्ष कशाला?’ परवा तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून लिहिते.

सोलापुरात माझ्याकडे येणाऱ्यांत विडी वळणाऱ्या बायका पुष्कळ. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, नजर दिवसभर बोटांवर. मोठ्या माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं. ते पुढे झुकलं की सगळा भार मानेमागच्या स्नायूंवर. संध्याकाळी दुखतं मात्र कपाळ, नाहीतर डोळ्याच्या मागे. पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या अक्का ‘तल नोप्पी’ म्हणजे डोकंदुखी सांगतात, मानेचं नावही काढत नाहीत. त्यांचं चुकत नाही. मानेच्या वरच्या तीन नसांचे आणि चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेचे निरोप मेंदूकडे जाताना एकाच ठाण्यावर उतरतात. दुखणं नेमकं कुठून निघालं, हे तिथे कळेनासं होतं.

अशा बाईला मी उताणं झोपवते, उशाशी बसते आणि बोटांची टोकं कवटीच्या मागच्या कडेखाली ठेवते. तिथे दोन्ही बाजूंना चार-चार छोटे स्नायू असतात. चोळायचं नाही, ओढायचं नाही. डोक्याचं वजन आपणहून बोटांवर येऊ द्यायचं. सुरुवातीला बाई नकळत डोकं स्वतःच उचलून धरते. दोन-तीन मिनिटांनी ते हातात जड होतं. तो जडपणा आला की समजायचं, स्नायूंनी सोडलं. तो ओळखायला वेळ लागतो.

म्हणून पहिल्या महिन्यात मी माणसाचं डोकं हाती देतच नाही. टेबलावर सराफी काटा ठेवते आणि डोळे मिटून पाच ग्रॅम दाब द्यायला सांगते. काटा दीडशे दाखवतो, कधी दोनशे. मग टॉवेलच्या सुताचा एक धागा वर्तमानपत्राच्या कागदाखाली ठेवायचा आणि बोटाने शोधायचा. सापडला की वर आणखी एक कागद. गेल्या वर्षीची एक मुलगी तिसऱ्या महिन्यात नऊ कागदांपर्यंत पोचली. त्या दिवशी ती जेवायचीसुद्धा विसरली होती.

दुसरं शिकवायला जास्त वेळ जातो: काय बोलायचं नाही. अमेरिकेतले ऑस्टिओपॅथ, म्हणजे हाडं-स्नायूंवर हातांनी उपचार करणारे, विल्यम सदरलँड यांनी मांडलं की कवटीची हाडं सांध्यांत हलतात आणि त्या हालचालीला लय असते. त्यांचं पुस्तक १९३९ चं. पुढे जॉन अपलेजर यांनी त्यावरून क्रेनिओसेक्रल थेरपी, म्हणजे डोकं आणि पाठीचा कणा हलक्या हाताने धरायचा उपचार, उभी केली. मीही तेच शिकले, आणि कित्येक वर्षं पेशंटना ‘तुमचं हाड जागेवर आणलं’ असं सांगत राहिले. एकदा वर्गात दोघांना एकाच माणसावर, एकाच वेळी ती लय मोजायला बसवलं, एक डोक्याशी, एक पायाशी. दोघांचे आकडे जुळेनात. जोड्या बदलल्या, तरी तेच. नंतर वाचलं, तर संशोधकांनाही असंच आढळलेलं. मोठ्या माणसाच्या कवटीचे सांधे बोटांनी सरकण्याइतके सैल नसतातच. त्या पेशंटना मी चुकीचं सांगितलं होतं, ते आजही मनाला लागतं. आता माझा विद्यार्थी ‘स्नायू सैल केला, दुखणं शांत केलं’ एवढंच म्हणतो.

आणि तेवढं पुरेसं नाही, हेही सांगतो. ऑस्ट्रेलियात ग्वेन जुल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मानेतून उठणाऱ्या डोकेदुखीच्या २०० रुग्णांवरचा अभ्यास छापला. मानेवरचे हाताचे उपचार आणि मानेचे व्यायाम, दोन्हींनी दुखणं कमी झालं आणि वर्षभरानंतरही फरक टिकून होता. म्हणून टेबलावरून उतरलेल्या प्रत्येक अक्काला हनुवटी हलकेच आत घ्यायचा व्यायाम देतो, सूप पाटावर उंच ठेवायला सांगतो, पाठ भिंतीला. हजार विड्यांच्या हिशेबात मध्ये उठणं परवडत नाही, हे मला कळतं. तरी प्रत्येक जुडी बांधून झाली की एकदा मान वर, एवढं तरी करा म्हणते. बऱ्याच जणी करतात.

राहिलं कुठे हात लावायचा नाही ते. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, कानशिलाला हात लागला तरी दुखणं, घास चावताना जबडा भरून येणं, नजर अंधुक होणं: यात कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज असू शकते, आणि उशीर झाला तर दृष्टी जाते. अचानक उठलेली भयंकर डोकेदुखी, चक्कर, एकाचे दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, तेव्हाही हात लावायचा नाही. हे पाठ करून घेते मी, पाढ्यांसारखं.

ती नऊ कागदांची मुलगी आठव्या महिन्यात एका आजींच्या डोक्याशी बसली होती. बोटं ठेवण्याआधी तिने सहज विचारलं, ‘आजी, वेणी घालताना दुखतं का?’ आजी म्हणाल्या, डोकं फणी लावू देत नाही, आणि भाकरी चावली की जबडा दमतो. तिने हात मागे घेतले, आजींच्या मुलाला आत बोलावलं, फिजिशियनना फोन लावला आणि दोघांना रिक्षात बसवून स्वतः सोबत गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती पेशंट एकटीने बघू लागली.