३० व्होल्ट १० अँपिअर सप्लाय: करंटचा चोर सापडला

ड्राय सोल्डर. हा सप्लाय तापला की डिस्प्लेवर दाखवतो त्यापेक्षा कमी करंट द्यायचा, आणि एवढं रामायण घडलं ते एका ड्राय सोल्डरपायी (नीट न बसलेला सोल्डर जॉइंट), तेही नेमकं शंटच्या (करंट मोजण्यासाठी लावलेल्या अगदी कमी ओहमच्या रेझिस्टरच्या) पायाला.

मागच्या अपडेटमध्ये ट्रिमपॉट (बोर्डवरचा बारीक जुळणीचा स्क्रू) फिरवून डिस्प्ले जुळवला होता. सप्लाय थंड असताना आकडे अजूनही जुळायचे. लोड लावून तापू दिला की डिस्प्ले ५.०० अँपिअरवर ठाम, पण बाहेर सिरीजमध्ये लावलेल्या शंटवर ६.२५ मिलिव्होल्ट. हा बाहेरचा शंट ५० अँपिअर, ७५ मिलिव्होल्टचा, म्हणजे ५ अँपिअरला ७.५ यायला हवेत. ६.२५ म्हणजे खरे ४.१७ अँपिअर. सीसी मोडमध्ये (करंट स्थिर ठेवण्याच्या) सहावा हिस्सा करंट गायब आणि डिस्प्ले छातीठोकपणे खोटं बोलतोय. (मल्टिमीटरची १० अँपिअर रेंज या कामाला घेऊ नका. स्वस्तातल्या मीटरवर त्या सॉकेटशेजारीच बारीक अक्षरात १० सेकंदांची मर्यादा लिहिलेली असते आणि हा दोष तर तापल्याशिवाय दिसतच नाही.)

पहिला संशय ऑप-अँपवर, म्हणजे शंटवरचा बारीकसा व्होल्टेज वाढवणाऱ्या चिपवर. फ्रीज स्प्रे (भाग झटकन थंड करणारा) मारला, काही नाही. ट्रिमपॉटवर मारला, तोही ढिम्म. मग प्लास्टिकच्या काडीने बोर्ड ठोकत निघालो. बोर्डवरच्या शंटजवळ टकटक केली आणि बाहेरचं रीडिंग टुणकन ७.१ वर, काडी उचलली की परत खाली!

आता आकडेमोड. बोर्डवरचा शंट १० मिलिओहमचा, मँगॅनिनच्या (तापल्यावरही रेझिस्टन्स फारसा न बदलणाऱ्या मिश्रधातूच्या) जाड तारेचा. ५ अँपिअरला त्यावर ५० मिलिव्होल्ट पडतात आणि कंट्रोल लूप (हा ड्रॉप पाहून करंट कमीजास्त करणारं सर्किट) तेवढेच राखत बसते. मीटरचे प्रोब पॅडच्या (बोर्डवर जिथे पाय सोल्डर होतो त्या जागेच्या) तांब्यावर टेकवले: ५०. तेच प्रोब सोल्डरच्या वर, तारेच्या उघड्या पायांवर: ४१.७. मधले ८.३ एका जॉइंटने गिळलेले. ४.१७ अँपिअरला ८.३ मिलिव्होल्ट म्हणजे २ मिलिओहम. ओहममीटरवर हे जन्मात दिसलं नसतं, प्रोबच्या वायरींचाच रेझिस्टन्स याच्या शंभरपट असतो. लूपचा यात काही दोष नाही. तिला शंट आणि जॉइंट मिळून जो ड्रॉप दिसतो, तो ती इमानदारीने ५० वर ठेवते.

भिंगाखाली पायाभोवती बारीक करडी भेग दिसली. सोल्डर काढल्यावर कळलं की भोकात ते अर्ध्यावरच थांबलं होतं. पॅड थेट मोठ्या कॉपर पोअरला (बोर्डवरच्या तांब्याच्या सलग पट्ट्याला) जोडलेला, थर्मल रिलीफचा (उष्णता पळू नये म्हणून ठेवायच्या बारीक जोडणीचा) पत्ता नाही. लेड-फ्री सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळतं, आणि एवढं तांबं तापायला जो वेळ लागतो तो असेंब्ली लाइनवर कुणी दिलेला नाही. वरून मात्र जॉइंट चकचकीत. डिझाइन अगदीच वाईट नाही हो, हात जास्त वाईट आहे. म्हणून तर हे स्वस्त सप्लाय दुरुस्त करायला मजा येते.

जुनं सोल्डर विकने (सोल्डर शोषणारी तांब्याची जाळी) पूर्ण काढलं, तारेचे पाय पॉलिश पेपरने घासले, खालून हॉट एअरने बोर्ड गरम ठेवला आणि ६३/३७ (कथील-शिशाचं) सोल्डर भरलं. टिप रुंद चिझलचीच हवी. सोल्डरिंग स्टेशनसोबत फुकट येणारी निमुळती टिप अशा पॅडवर उष्णता पोचवूच शकत नाही. नुसतं तापमान वाढवलं तर पॅड सुटेल. सोबत मिळणारी फ्लक्सची डबीही सरळ कचऱ्यात टाका.

तेवढ्यावर थांबणार होतो, पण पॅडवरून सेन्स (लूपने मोजायचा व्होल्टेज) घेणं मुळातच चूक आहे. उद्या जॉइंटला पुन्हा भेग पडली की येरे माझ्या मागल्या. म्हणून सेन्सचे दोन्ही ट्रॅक कापले आणि पीळ घातलेली बारीक वायरजोडी थेट तारेच्या पायांवर, जॉइंटच्या आतल्या बाजूला सोल्डर केली. ट्रिमपॉट किंचित फिरवावा लागला. आता गरम, थंड, काडीने ठोका, काहीही करा: ७.५०. शेवटचा आकडा एकानेही हलत नाही. बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

उघडलाच आहे म्हणून अर्थिंगही पाहिलं. लग (स्क्रूखाली कसायचं धातूचं टोक) चक्क रंगावर कसलेला, वायरचं टोक सोल्डर लावून स्क्रूखाली दाबलेलं. दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरतं आणि स्क्रू ढिला होतो, तिथे क्रिम्प (वायरवर दाबून बसवलेला) लगच पाहिजे. दुसऱ्या सप्लायने अर्थ पिन ते चॅसी १ अँपिअर सोडला: ३४० मिलिव्होल्ट, म्हणजे ०.३४ ओहम. ०.१ च्या वर ही गोष्ट चालवून घेऊ नये. रंग खरवडून, स्टार वॉशर घालून १८ मिलिव्होल्टवर आलं. प्रायमरीच्या (मेन्सकडच्या) कपॅसिटरवर ३०० च्या वर व्होल्ट असतात, प्लग काढल्यावरही ते रेझिस्टरने उतरवून मीटरने खात्री केल्याशिवाय आत हात घालू नका.

पुढचा बेत मँगॅनिन बदलण्याचा होता, तो रद्द. हे लिहिता लिहिता लक्षात आलं की व्होल्टेज सेन्सचीही तीच कथा आहे: तो बोर्डवरून घेतलाय, बाइंडिंग पोस्टवरून (आउटपुटच्या टर्मिनलवरून) नाही, त्यामुळे मधल्या वायरी आणि लग फुकटात ड्रॉप खातात. तिथेही वेगळी जोडी टाकतो. फक्त सेन्स वायर सुटली तर लूपला आउटपुट शून्य वाटेल आणि ती व्होल्टेज थेट टोकाला नेईल. म्हणून बोर्डवर प्रत्येक सेन्स आणि आउटपुटमध्ये १० ओहमचा रेझिस्टर आधी, वायरी नंतर.