तठे आपलं काय शे

भाऊबीज, रात्री उशिरा

भाऊची सुरतेची गाडी केव्हाच नवापूर ओलांडून गेली असेल. भांडी घासून पालथी घातली, उरलेल्या शेव-चिवड्याचे डबे बंद केले, तरी डोळ्याला डोळा लागत नाही. दुपारी त्याने एक वाक्य टाकलं, ते तसंच अडकून बसलंय.

ओवाळून झालं, त्याने ताटात पाकीट ठेवलं. मी म्हटलं, यंदा मला साडी नको, पाकीटही नको, माझी ओवाळणी धुळ्याच्या आमच्या संग्रहालयाला दे. मागे हेच बोलले होते तेव्हा सगळे हसले होते. आज तो हसला नाही. फोन काढला, खात्याचा नंबर मागितला आणि मी मनात धरले होते त्याहून कितीतरी जास्त पैसे तिथल्या तिथे पाठवून दिले. नव्या करप्रणालीत देणगीवर 80जी ची वजावट मिळत नाही हे त्याला ठाऊक आहे, वर्षाचा हिशेब तो स्वतः बघतो. तरी दिले. आणि पाटावरून उठता उठता, अगदी सहज, आमच्या अहिराणीत:

"ताई, पन तठे आपलं काय शे?"

तिथे आपलं काय आहे, एवढंच. टोमणा नव्हता. त्याचा आवाज मला कळतो. नाही म्हणाला असता तर भांडले असते, रुसले असते, विसरून गेले असते. त्याने दिले आणि मग विचारलं, म्हणून टोचतंय. खापरावरची पोळी गार होत होती, मी वाढायला लागले. उत्तर दिलंच नाही.

भावजय म्हणाली, "ताईंना काहीतरी लागतंच." असो.

आता एकटी बसल्यावर उत्तरं सुचताहेत, ढिगाने. म्हणावं, अरे, चाळीसगावजवळ पाटणादेवीला शके 1128 चा, म्हणजे तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचं गणित शिकवायला मठ काढला, त्याला दान दिल्याची ती नोंद. तापीकाठी प्रकाशाला खणलं तर ताम्रपाषाण काळातली वस्ती निघाली. शहाद्याकडचं सावळदा हे आपलं साधं खेडं, पण तिथल्या खापरांच्या घडणीला अभ्यासकांनी गावाचंच नाव दिलंय, देशभरच्या पुस्तकांत ते छापलं जातं. थाळनेरला खानदेशावर राज्य केलेल्या फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत. फैजपूरला डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं.

हे सगळं खरं आहे. पण त्याला सांगितलं असतं तर त्याने मान हलवून ऐकलं असतं आणि पुन्हा तेच विचारलं असतं. यात आपलं काय? आपल्या घरात ना ताम्रपट, ना तलवार. नाना आपल्या घरात पहिले शिकलेले. आजी जन्मभर अंगठा उठवत आली. गावचं घर विकलं तेव्हा माळ्यावरचं सगळं, नानांची वहीसुद्धा, भंगारात गेली. मी तेव्हा काय काय बोलले होते ते आज लिहायचं नाही.

पाडव्याला संग्रहालयात बसायची पाळी माझी होती. वर्षभर शाळांच्या सहली सोडल्या तर तिकडे माणूस फिरकत नाही. दिवाळीत मात्र पुण्या-मुंबईहून, सुरत-नाशिकहून घरोघर माणसं आलेली असतात, फराळ करून दुपारी कंटाळतात, पोरांना कुठे न्यावं ते सुचत नाही. आणि नेमकं तेव्हाच दाराला कुलूप असायचं, कारण तिथे काम करणाऱ्यांनाही सण असतो, त्यांच्याही बहिणी वाट बघत असतात. म्हणून यंदा आम्ही काही जणांनी सुट्टीचे दिवस वाटून घेतले. काम अवघड नाही. दार उघडायचं, दिवे लावायचे, येणाऱ्याकडून वहीत नाव-गाव लिहून घ्यायचं, विचारतील ते सांगायचं आणि ठाऊक नसेल तर उगाच काही ठोकून द्यायचं नाही.

दुपारी एक कुटुंब आलं. आईवडील मूर्तींसमोर फोटो काढत होते, मुलगी माझ्या टेबलाशी आली. मी फायलीत पाटण्याचं एक छापील चित्र ठेवते, तेच पाटणादेवीचं पाटणे. तिथे उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा तुकडा मिळाला, त्यावर बारीक जाळीसारख्या रेघा कोरलेल्या, सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीच्या. ती बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे आपल्याकडे शहामृग होतं?"

आपल्याकडे. वहीत तिच्या वडिलांनी गाव पिंपरी-चिंचवड लिहिलं होतं. तिला हा शब्द इतका सहज कसा आला आणि इथे जन्मलेल्या, इथे शिकलेल्या माझ्या भावाला का येत नाही, हे मला दुपारपासून कळत नाही. का त्याला कळतं ते तिला अजून कळायचंय?

आमचं संग्रहालय ज्यांच्या नावाचं, ते इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे काही खानदेशी नव्हते. जन्म कोकणातल्या वरसईचा, शिक्षण पुण्याचं. गावोगावची दप्तरं धुंडाळत हिंडले, 1898 मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, पुढे ते खंड 22 झाले. पुण्यात 1910 ला भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, आणि अखेर धुळ्यात येऊन राहिले. 31 डिसेंबर 1926 ला इथेच गेले. त्यानंतर दहा दिवसही पुरते झाले नव्हते, 9 जानेवारी 1927 ला धुळेकरांनी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं केलं. शाळेत हे पाठ केलं होतं, पण आज त्यातलं एवढंच मनात येतंय की बाहेरून आलेल्या एका माणसाची कागदपत्रं ही आपली जबाबदारी आहे असं त्या वेळच्या माणसांना वाटलं. त्यांना कोणी विचारलं नसेल का, आपलं यात काय? विचारलं असेलच. सगळीच काही इतिहासाची वेडी नसणार.

पण मग माझंच मन म्हणतं, ती माणसं शिकलेली होती, वकील, शिक्षक, सावकार. दप्तरं त्यांच्या घरांत होती. भाऊचा प्रश्न वेगळा आहे.

खरं लिहायचं तर रात्री दहाच्या सुमाराला मला रडू आलं. इतकी वर्षं मी दुसऱ्याच्याच घरची कपाटं पुसत आले असं वाटलं. पावसाळा सरला की पोथ्या-कागद बांधलेले कापडी रुमाल सोडायचे, पोथी न पोथी मऊ ब्रशने झाडायची, कसर लागली का बघायची, वाळवीसाठी भिंतीचा कोपरा न कोपरा तपासायचा. धुळीने महिनाभर खोकला जात नाही. पैसे मागायला दारोदार जायचं, तर लोक गणपतीची वर्गणी डोळे झाकून देतात आणि याला म्हणतात, बघू पुढच्या वर्षी. घरची माणसं याला छंद म्हणतात. आजारी पडले तर कोण येणार आहे तिथलं? आणि ज्या भावासाठी, ज्याच्या पोरांसाठी हे राहावं असं वाटतं, तोच असं विचारतो.

मग चहा केला. रात्री चहा पिऊ नये, पण केला.

चहा पिताना मोडीच्या वर्गातली एक गोष्ट आठवली. सरांनी एका महजराची छापील नक्कल वाचायला दिली होती. गावात वतनाचा, हद्दीचा तंटा झाला की गोतसभा बसायची, जबान्या व्हायच्या, निवाडा कागदावर उतरायचा, तो महजर. शेवटी साक्षीदारांची नावं. ज्याला लिहिता येत नाही त्याचं नाव कुलकर्णी लिहायचा आणि त्यापुढे त्याची निशाणी. पाटलाचा, कुणब्याचा नांगर. वाण्याचा तराजू. बाई असेल तर बांगडी. तेव्हा माझं सगळं लक्ष अक्षर लागतंय का याच्यावर होतं. "निशाणी नांगर" एवढं लागलं तरी आनंद व्हायचा. आज वाटतंय, तिथे आपले लोक उभे होते की. आजीच्या आजीची आजी अशीच कुठे उभी राहिली असेल, तिच्यासाठी कोणीतरी दोन रेघांत बांगडी काढली असेल.

पण एवढ्याने भाऊचं समाधान होणार नाही, माझंही पुरतं झालं नाही. नांगर सगळ्यांचा सारखाच. आजीचा अंगठा निदान तिचा तरी होता. आणि दप्तरात आपल्यासारखी माणसं येतात ती तंट्यात साक्षीला बोलावलं म्हणून, नाहीतर सारा थकला म्हणून. ज्याने मुकाट्याने पेरलं, वेळेवर भरलं, कोणाशी भांडला नाही, त्याची एक ओळ. कधी तीही नाही. म्हणजे त्याने विचारलं ते खरंच विचारण्यासारखं आहे. पैसे देणाऱ्याने विचारूच नये असं थोडंच आहे? उलट इतक्या जणांनी आजवर पावती घेतली आणि न विचारता गेले, त्याचं मला वाईट वाटायला हवं होतं.

हे लिहिलं आणि जरा मोकळं वाटलं. भाऊ जसा आहे तसा आहे. तो संग्रहालयात येऊन बसणार नाही, मोडी शिकणार नाही. त्याला दरवर्षी ओढत नेण्याचा माझा हट्ट मी आता सोडते. त्याच्या पैशातून आम्लरहित कागदाचे खोके येतील, रुमालांना नवं लाल कापड येईल, विजेच्या बिलाची यंदा काळजी नाही. हे काही कमी नाही.

पण चहानंतर आणखी एक सुचलं आणि त्यामुळे झोप पारच उडाली. अर्धा खानदेश सुरतेला जाऊन राहिलाय. लिंबायत, उधना, डिंडोली, तिथल्या गल्ल्यांत अहिराणी ऐकू येते. त्याची नोंद कुठे आहे? भाऊ गेला तेव्हा लूमवर बारा तासांची पाळी, एका खोलीत किती जण ते तोच जाणे. खोलीभाड्याची चिठ्ठी, पहिल्या पगाराचं पाकीट, कारखान्याचा पास, तापीकाठच्या त्या गाडीचं तिकीट, मायला लिहिलेली पत्रं. उद्या कोणी विचारलं की कापसाच्या गावची माणसं नायलॉन विणायला का गेली, तर त्याला काय दाखवायचं? अडीचशे वर्षांपूर्वीचा हातकागद आणि काजळीची शाई अजून धडधाकट आहे. आपल्या वेळचा गिरणीचा कागद पिवळा पडून हातात तुटतो, आणि यंत्रातून निघणाऱ्या पावत्या तर दोन-चार वर्षांत कोऱ्या होतात. आपला काळ सगळ्यात आधी पुसला जाणार आहे. सुलतानांचा राहील.

संग्रहालयाचं काम बघणारे काका नेहमी सांगतात, वस्तू आणा, पण माहितीसकट आणा. कोणाची, कुठली, कधीची, कोणाकडून आली. नोंदवहीत हे लिहिलं नाही तर चांगली तलवारही नुसतं लोखंड. भाऊकडे वस्तू फारशा उरल्या नसतील, त्याला जपून ठेवायची सवय नाही. पण तो सांगेल. पहिल्यांदा गेला तेव्हा कोणत्या गाडीने, कोणाच्या ओळखीने, मुकादम कुठला, पहिल्या महिन्यात हातात काय पडलं, रात्रपाळी संपल्यावर जेवायला काय असायचं. मी विचारत जाईन आणि तारीख घालून लिहून काढीन. फोनवर त्याचा आवाजही धरून ठेवता येईल, अहिराणीतच, मी मध्ये बोलणार नाही. तो आधी म्हणेल, यात लिहिण्यासारखं काय आहे. म्हणू दे. तिथे हे ठेवायला जागा नाही, कपाट नाही, आणि हा इतिहास कसा असं म्हणणारेही भेटतील. त्यांच्याशी वाद घालायची माझी तयारी आहे.

भावजयीलाही विचारायचं. तिच्याकडे जास्त असेल. लग्न होऊन गेली तेव्हापासून घरी बसून साड्यांना टिकल्या, स्टोन लावायचं काम तिने केलं, नगावर पैसे. पोरांच्या शाळेची फी त्यातून गेली, भाऊच एकदा बोलून गेला होता. आज ताटात आलेल्या पैशांत तिचे किती होते हे मला कसं कळणार, आणि मी तर तिच्याकडे बघितलंही नाही, खात्याचा नंबर सांगत बसले.

सकाळी काकांना फोन करून सांगते, पावती एकट्या भाऊच्या नावाने करू नका, दोघांची नावं घाला. आणि भावजयीचं नाव आधी.