विश्रामबागेतल्या गच्चीसाठी २० मायक्रोहेन्रीची कॉइल

सांगलीच्या विश्रामबागेतील आमच्या घराची गच्ची आखूड आहे. हौशी रेडिओच्या ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी लागणारा सुमारे २० मीटरचा डायपोल, म्हणजे मधोमध जोडणी असलेला तारेचा अँटेना, तिच्यावर सरळ ताणता येत नाही, म्हणून मी पाण्याच्या टाकीपासून अंगणातल्या नारळापर्यंत १६ मीटरची एकच तार नेली आणि तिच्या पायाशी मॅचिंगची, म्हणजे तार ट्रान्समीटरच्या ५० ओहमशी जुळवणारी, जोडणी करायचे ठरवले. ट्रान्समीटर १०० वॉटचा आणि परवाना जनरल श्रेणीचा, त्यामुळे शक्तीची अडचण नव्हती. अडचण आली ती या जोडणीतल्या कॉइलची, म्हणजे तारेच्या वेटोळ्याची.

पहिली कॉइल मी घरच्या वायरिंगमधून उरलेल्या, प्लॅस्टिकच्या आवरणाच्या तारेची केली होती. राखाडी पीव्हीसी पाइपवर वेढ्याला वेढा चिकटवून ती गुंडाळली. ट्यूनिंग करताना एसडब्ल्यूआर (अँटेनाशी जुळणी किती झाली याचे माप, १ म्हणजे पूर्ण जुळणी) १.३ पर्यंत उतरला, परंतु दोन मिनिटे बोलल्यानंतर तो हळूहळू चढू लागला आणि ट्रान्समीटर बंद करून पाहिले तेव्हा पाइप बोटाला स्पष्टपणे गरम लागला. ७ मेगाहर्ट्झला तांब्यातला प्रवाह पृष्ठभागाच्या जेमतेम ०.०२५ मिलिमीटर जाडीतून वाहतो. वेढे एकमेकांना खेटलेले असले की तो पृष्ठभागाच्याही एकाच अंगाला ढकलला जातो आणि रोध वाढतो. त्यात प्लॅस्टिकचे आवरण आणि पाइप हेही आपला वाटा उष्णतेच्या रूपाने घेतात. म्हणून वेढ्यांमध्ये तारेच्या जाडीइतकी मोकळी जागा आणि आत शक्यतो केवळ हवा, असा निर्णय मी घेतला.

किती इंडक्टन्स (मायक्रोहेन्रीत मोजला जाणारा कॉइलचा गुण) लागेल याचा हिशेब अवघड नाही. ७.१ मेगाहर्ट्झला माझी तार साधारण १००० ओहम दाखवते असे धरले, तर ५० ओहमशी जुळणी करण्यासाठी ४.९ मायक्रोहेन्रीची कॉइल मालिकेत आणि ९८ पिकोफॅरडचा कपॅसिटर अँटेनाच्या बाजूने जमिनीकडे लागतो. ३.५ मेगाहर्ट्झच्या दुसऱ्या पट्ट्याला मात्र हीच तार पाव तरंगलांबीपेक्षा आखूड पडते व बरेच जास्त इंडक्टन्स मागते, म्हणून २० मायक्रोहेन्रीची, टॅप घेता येतील, म्हणजे मधल्या वेढ्यांवरही जोडणी करता येईल, अशी एकच कॉइल करायची ठरली.

तयार कॉइल विकत घेण्याचा विचार मी केला होता. अमेरिकेतील बार्कर अँड विल्यमसनच्या हवेत गुंडाळलेल्या कॉइल अनेक दशके हौशी रेडिओवाल्यांच्या वापरात होत्या, पण परदेशातून एक कॉइल मागवायची तर टपाल आणि सीमाशुल्क मिळून खर्च मूळ किमतीच्या वर जात होता. शिवाय सांगली भागात शेतीपंपांच्या मोटारी इतक्या आहेत की तांब्याची तार मिळण्यासाठी लांब जावे लागत नाही. कुपवाड रस्त्यावरील एका रिवायंडिंगच्या दुकानात मी १४ गेजची तार मागितली, तेव्हा दुकानदारांनी आधी विचारले, ‘‘सर, मोटार किती एच.पी.ची आहे?’’ सबमर्सिबलची पॉलीच्या आवरणाची तार नको, साधी इनॅमलची हवी, हे त्यांना सांगावे लागले. तार वजनावर मिळते. १४ गेज म्हणजे २.०३ मिलिमीटर व्यास आणि मीटरला सुमारे २९ ग्रॅम. मला ७ मीटर हवी होती, म्हणून २०० ग्रॅम घेतली.

गुंडाळण्याआधी तार ताणून घेणे अत्यंत आवश्यक आहे. एक टोक व्हाइसमध्ये धरले, दुसरे लाकडी दांडक्याला गुंडाळले आणि तार किंचित लांबल्याचे हाताला जाणवेपर्यंत ओढली. त्यामुळे तिच्यातील बाक गेले आणि ती थोडी कडकही झाली. मग ६३ मिलिमीटर बाह्य व्यासाच्या पाइपवर, तारेच्या बरोबरीने २ मिलिमीटरची नायलॉन दोरी ठेवून, २६ वेढे घातले. पाइप येथे फक्त साचा आहे. त्यावरून काढताच तार उसळून सरासरी व्यास ६५ वरून ६७ मिलिमीटर झाला आणि वेढे २५ च्या थोडे वर राहिले, म्हणून एक जास्त घातला ते योग्यच ठरले.

खरा वेळ गेला आधाराच्या पट्ट्यांत. नावाच्या पाट्या करणाऱ्या एका कारागिराकडून ६ मिलिमीटर जाडीच्या अॅक्रिलिकचे तुकडे आणून चार पट्ट्या केल्या. चारही एकत्र बांधून ४ मिलिमीटर अंतरावर २.२ मिलिमीटरची छिद्रे पाडली. दोन छिद्रांमध्ये १.८ मिलिमीटरच साहित्य उरते आणि ड्रिल वेगात फिरवले तर अॅक्रिलिक वितळते किंवा तडकते, म्हणून वेग कमी ठेवला, खाली लाकूड घेतले आणि पाणी टाकत राहिलो. तरीही दोन पट्ट्या मोडल्या. कॉइल स्क्रूसारखी फिरवत छिद्रांमधून नेताना ती सहाव्या वेढ्यावर अडकली, कारण मी चारही पट्ट्यांची टोके एका रेषेत ठेवली होती. वेढा एका फेरीत ४ मिलिमीटर पुढे सरकतो, म्हणजे पाव फेरीला १ मिलिमीटर, त्यामुळे प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा १ मिलिमीटर पुढे हवी. हे लक्षात आल्यावर पट्ट्या धरणाऱ्या टोकाच्या चकत्यांवरील स्क्रूची छिद्रे त्या मापाने नव्याने पाडली. शंभर छिद्रांतून तार ओवायला दोन संध्याकाळी लागल्या, पण नंतर कॉइल हाताने दाबली तरी हलत नाही, आणि मला नेमके तेच हवे होते, कारण वेढ्यांमधले अंतर बदलले की इंडक्टन्स बदलते.

हॅरॉल्ड व्हीलर यांनी १९२८ साली दिलेल्या सूत्रात व्यासाचा वर्ग आणि वेढ्यांचा वर्ग यांच्या गुणाकाराला व्यासाची १८ पट अधिक लांबीची ४० पट यांनी भागतात, मापे इंचांत. ६७ मिलिमीटर व्यास, १०० मिलिमीटर लांबी आणि २५ वेढ्यांसाठी उत्तर २१.२ मायक्रोहेन्री येते. तपासण्यासाठी १०० पिकोफॅरडचा सिल्व्हर मायका कपॅसिटर जोडून नॅनोव्हीएनए या छोट्या मापनयंत्रावर अनुनाद (रेझोनन्स) पाहिला. तो ३.४० मेगाहर्ट्झला आला, म्हणजे २१.९ मायक्रोहेन्री. वरचे ०.७ वेढ्यांमधील आणि जोडतारांच्या धारितेमुळे दिसते, असा माझा निष्कर्ष आहे.

टॅपसाठी बाहेरच्या अंगाचे इनॅमल पॉलिश पेपरने घासून काढले आणि टॅप घ्यायच्या वेढ्याच्या दोन्ही बाजूंचे वेढे आतल्या बाजूला किंचित दाबले, म्हणजे क्लिप शेजारच्या वेढ्याला लागत नाही. क्लिप तांब्याची घेतली, कारण लोखंडाची या कंपनसंख्येला गरम होते. न वापरलेले वेढे आखूड तारेने एकमेकांशी जोडून ठेवतो. पत्र्याच्या डब्यात बसवून पाहिली तेव्हा इंडक्टन्स उतरले, म्हणून आता ती लाकडी पेटीत, सर्व बाजूंनी एका व्यासाइतकी मोकळी जागा सोडून बसवली आहे.

७ मेगाहर्ट्झला टॅप नवव्या वेढ्यावर आला, हिशेबाच्या जवळच. १०० वॉटवर दहा मिनिटे बोललो, एसडब्ल्यूआर १.२ वरून हलला नाही, आणि ट्रान्समीटर बंद करून हात लावला तेव्हा कॉइल थंड होती. ३.५ मेगाहर्ट्झचा टॅप अठराव्यावर आहे. दोन्ही जागांवर अॅक्रिलिकच्या पट्टीवर रंगाचे ठिपके दिले आहेत, एक तांबडा आणि एक हिरवा.