चष्मा सक्तीचा, हेल्मेट ऐच्छिक

इलिनॉयमध्ये मोटारसायकल चालवताना डोळ्यांवर चष्मा, गॉगल किंवा समोर काच असायलाच हवी. डोकं मात्र उघडं असलं तरी चालतं. वय कितीही असो, इथे हेल्मेटचा कायदाच नाही. अमेरिकेत असं आणखी दोनच राज्यांत आहे, आयोवा आणि न्यू हॅम्पशायर. शिस्तीसाठी आपण ज्या देशाचे दाखले देतो, तिथे हे असेल असं मला वाटलंच नव्हतं.

मला हे कळलं मोटारसायकल शिकायला गेले तेव्हा. राज्याचं परिवहन खातं हे प्रशिक्षण चालवतं. अनामत फक्त 20 डॉलर, तीही परत मिळते. खर्च निघतो मोटारसायकलींच्या नोंदणी शुल्कातून. ही व्यवस्था मला फार आवडली, आपल्याकडे व्हायलाच हवी. भर उन्हाळ्यात, पार्किंगच्या मोकळ्या जागेत शंकू मांडून शिकवतात. पण हेल्मेट, पूर्ण बाह्या, लांब पँट, बोटं झाकणारे हातमोजे आणि घोट्याच्या वर जाणारे बूट नसतील तर गाडीला हातही लावू देत नाहीत. एका मुलाचे कॅनव्हासचे बूट घोट्याखाली होते. आमचे साठीतले शिक्षक त्याच्यापुढे गुडघ्यावर बसले, घोट्याच्या हाडावर बोट ठेवून म्हणाले, "गाडी आडवी झाली की खाली हे सापडतं." आणि त्याला परत पाठवलं.

हाच मुलगा परवाना मिळाल्यावर बनियन आणि हाफ पँटवर, उघड्या डोक्याने इंटरस्टेट हायवेवर जाऊ शकतो. ताशी 70 मैल, म्हणजे 110 किलोमीटरच्या वर! मैदानात घिरट्या घालताना जे जिवावरचं होतं, ते हायवेवर त्याच्या मर्जीचं कसं होतं? आपण निदान मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकी येऊ तरी देत नाही.

याचं मूळ जुनं आहे. इथेही हेल्मेटचा कायदा होता. 1969 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. हेल्मेट घालणाऱ्याचंच रक्षण करतं, इतरांचं नाही, मग सरकारने त्यात पडू नये, असा तो युक्तिवाद. मला तो पटत नाही. रस्त्यावर पडलेल्याला उचलायला कोणीतरी येतंच, आणि आयसीयूबाहेर रात्र काढणारे घरचेच असतात.

इथली मित्रमंडळी लगेच पुण्याचं नाव काढतात. 2019 च्या जानेवारीत हेल्मेटसक्ती झाली तेव्हा पुणेकरांनी केवढा विरोध केला, वगैरे. केला, मान्य. पण पेठांतल्या गर्दीत जिथे गाडी विसाच्या पुढे जात नाही, तिथल्या कुरकुरीत आणि हायवेवरच्या या हट्टात फरक आहे. शिवाय कायदा आपल्याकडे आहे, चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही. 2021 पासून आयएसआय नसलेलं हेल्मेट विकताही येत नाही. आणि उन्हाधुळीसाठी स्कार्फ, सनकोट, लांब हातमोजे चढवून निघणाऱ्या आम्हा मुलींना अंग झाकून गाडी चालवायला कोणी शिकवावं लागलं नाही.

मी फुल-फेस हेल्मेट घेतलं. इथे अर्धी टोपली बरेच जण घालतात, पण त्यात हनुवटी उघडीच राहते. जाळीचं जॅकेटही घेतलं. खांद्याला आणि कोपराला आतून पॅड आहेत. हाताला मऊ लागतात, आपटलं की कडक होतात. जुलैत त्यातही घाम निथळतो, तरी सिग्नलला मी चेनसुद्धा उघडत नाही. अमेरिकी सरकारच्या रस्ते सुरक्षा खात्याच्या अंदाजाप्रमाणे हेल्मेटमुळे चालकाचा मृत्यू टळण्याचं प्रमाण 37 टक्के आहे. 100 टक्के नाही, हे मला कळतं. पण 37 टक्के सोडून द्यायचे कशासाठी?

माझ्यामागे बसायचं तर हे सगळं नवऱ्यालाही लागू. हेल्मेट आणि जॅकेट त्याने मान्य केलंय, बुटांवरून वाद चालू आहे. तोवर तो कारने येतो.