तुम्ही विचारलंत म्हणून: केसपेपरवर हर्पिसच्या (शरीरसंबंधातून पसरणाऱ्या, गुप्तांगावर फोड आणणाऱ्या विषाणूच्या आजाराच्या) जागी दुसरं काही लिहिता येत नाही का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात मी केसपेपरवरच्या निदानाला कोड लावतो. नातेवाईक, कधी खुद्द पेशंट, खिडकीशी वाकून हळूच विचारतात, "भाऊ, दुसरं काही लिवता येत नाही का? गावात बदनामी होईन ना." तुम्हीही तेच विचारलंत. नाही लिहिता येत.

डॉक्टरांनी जे निदान लिहिलं त्याचाच कोड लागतो. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गुप्तांगाच्या हर्पिसला ए ६०. जननेंद्रियावर असेल तर ए ६०.०, गुदद्वाराजवळ असेल तर ए ६०.१. त्याच जातीच्या विषाणूचे फोड ओठावर आले तर बी ००.१. नागीण वेगळ्या विषाणूची, तिचा कोड बी ०२. डॉक्टरांनी नुसतं 'लिंगावर व्रण' लिहिलं असेल तर मला ए ६० लावता येत नाही, तिथे एन ४८.५ येतो. शंका आली की मी केसपेपर घेऊन ओपीडीत साहेबांना विचारून येतो. अंदाजाने कुणाच्या नावावर गुप्तरोग चढवणं मला पाप वाटतं, आणि असलेला पुसणंही तेवढंच.

गेल्या कापूस वेच्याच्या हंगामात एक गरोदर बाई आली होती. बोंडांनी बोटं ओरबाडलेली, दुखणं अंगावर काढून शेवटी आलेली. सोबत सासू. ती मला म्हणाली, "हिनं हे कोठून आणलं, ते तुमच्या कागदात लिवलं असन ना?"

मावशी, ते कोणत्याच कागदात नसतं. कोड फक्त आजार कोणता आणि कुठे, एवढंच सांगतो. हा विषाणू कमरेजवळच्या मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षं दबून राहतो. लागण होऊन फार काळ लोटल्यावर पहिल्यांदा फोड दिसू शकतात. कित्येकांना ते कधी जाणवतही नाहीत, तरी त्यांच्याकडून दुसऱ्याला लागण होते. म्हणून आज सुनेला फोड आले यावरून कुणी कुणाला दिलं हे ठरत नाही. हे मी सासूला दोनदा सांगितलं, नवऱ्यालाही तपासायला आणा म्हणालो.

आणि तिचं निदान झाकलं असतं तर? कळा सुरू होताना ताजे फोड असले तर बाळाला लागण होऊ शकते, म्हणून अशा वेळी सिझेरियन करतात. गरोदरपणाच्या शेवटी पहिल्यांदाच लागण झाली असेल तर धोका सगळ्यात जास्त. नवजात बाळाचा हर्पिस, कोड पी ३५.२, जिवावर बेतू शकतो. रात्री १०८ तिला नेईल त्या दवाखान्यात ओळखीचं कुणी नसेल, तेव्हा कार्डावर लिहिलेलं निदानच उपयोगी पडेल.

बदनामी बहुतेक वेळा होते ती रांगेत कुणी आजाराचं नाव मोठ्याने घेतलं म्हणून. तसं झालं तर आमच्याशी बेधडक भांडा. तुमची गुप्तता राखणं आमचं काम आहे.

उपचारासाठी सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या दवाखान्यात जा. असायक्लोव्हिरच्या गोळ्यांचं लाल किट तिथे मोफत मिळतं. विषाणू त्याने कायमचा जात नाही, पण फोड लवकर सुकतात. बाई गरोदर असेल तर निदानाचा कागद माता-बाल संरक्षण कार्डासोबत ठेवा, आणि कळा सुरू झाल्या की फोड आहेत का, हे सिस्टरला आधी सांगा.